कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता एबीएस आपोआप चालू का होतं? चाकाचा सेन्सर नक्की करतो काय?

निवांत_ड्रायव्हर

मंडळी, डोक्याला शॉट झालाय म्हणून विचारतोय. गाडी जुनी आहे पण इंजिन ठणठणीत, तक्रार फक्त ब्रेकची. गेले तीन आठवडे काय होतंय की सिग्नलला हलका ब्रेक दाबत गाडी थांबवत आणली की अगदी शेवटी, म्हणजे ८-१० च्या स्पीडला, पॅडल पायाखाली कर्रर्र करून थरथरतं, बॉनेटखालून छोटी मोटर फिरल्यासारखा आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकून मग थांबते. रस्ता कोरडा, ब्रेक हलका, टायर नवे. परवा पुढच्या गाडीच्या बंपरपासून चार बोटांवर थांबलो, तेव्हापासून आधीच एक गाडीचं अंतर सोडून थांबतोय आणि मागचे हॉर्न वाजवतायत.

डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा) दिवा लागत नाही. चावी फिरवली की लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो, म्हणजे बल्ब शाबूत आहे.

तीन ठिकाणी दाखवली आणि तिघांची तीन तोंडं. एक म्हणे सेन्सर गेलेत, चारही बदलू. दुसरा म्हणे एबीएसचं युनिटच गेलंय. तिसरा म्हणे डिस्क वाकडी आहे. सेन्सर गेला तर दिवा का लागत नाही याचं उत्तर कुणाकडेच नाही. म्हणून पार्ट बदलण्याआधी मला मुळात हे समजून घ्यायचंय की चाक किती वेगात फिरतंय हे त्या बोटभर सेन्सरला कळतं कसं, आणि त्यात असं काय बिघडतं की चालतं चाक त्याला अडकलेलं वाटतं?

---

ग्रीसचे_हात

आधी डिस्कचा विषय संपवू. डिस्क वाकडी असली तर थरथर जास्त स्पीडला जास्त जाणवते, ८० वरून ब्रेक मारला की स्टिअरिंगपण हातात नाचतं, आणि स्पीड उतरला की ती विरत जाते. तुमचं बरोब्बर उलटं आहे. त्यात मोटरचा आवाज येतोय म्हणताय, तो एबीएसचा पंप. त्यामुळे एबीएस खरंच लागतंय यात मला तरी शंका नाही. तरी खात्री करायची असेल तर मोकळ्या जागेत एबीएसचा फ्यूज काढा आणि हळू चालवून तसंच थांबून बघा. थरथर गेली तर विषय संपला. फ्यूज काढल्यावर दिवा लागणारच, साधा ब्रेक चालतो पण मागच्या-पुढच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी सिस्टिमपण बंद पडते, म्हणून त्या अवस्थेत जोरात ब्रेक मारायचा नाही आणि रस्त्यावर तर न्यायचीच नाही.

आता सेन्सर. सेन्सरला स्पीड वगैरे काही कळत नाही हो. तो फक्त दाते मोजतो. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी दातेरी रिंग असते, तिला टोन रिंग म्हणतात, पुढच्या चाकांना बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटवर दाबून बसवलेली. तिच्यासमोर मिलीमीटरभर फट ठेवून सेन्सर उभा. जुन्या प्रकारच्या सेन्सरात एक कायमचा चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेची कॉइल, बाकी काही नाही. ना त्याला बाहेरून करंट लागतो, ना आत कुठली चिप. दाता समोर आला की चुंबकाच्या रेषांना लोखंडाचा सोपा रस्ता मिळतो, खाच आली की तो तुटतो, आणि हा बदल झाला की कॉइलमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतं. सायकलच्या डायनॅमोचा चुलतभाऊ म्हणा. दाता गेला की एक लाट वर, खाच गेली की खाली.

तुमच्या रिंगला समजा ४८ दाते आहेत आणि टायरचा घेर १.९ मीटर. १०० च्या स्पीडला चाक सेकंदाला साडेचौदा फेरे मारतं, म्हणजे सातशेच्या आसपास लाटा. ८ च्या स्पीडला मोजून ५६. एबीएसचा कंट्रोलर एवढंच मोजत बसतो, चारही चाकांचं, सतत.

---

ओहमचा_नियम

वरच्यात माझी भर, कारण खरी गंमत हळू स्पीडला आहे.

या कॉइलवाल्या सेन्सरला पॅसिव्ह म्हणतात आणि त्याची खोड अशी की चाक हळू झालं की लाटांची संख्या तर कमी होतेच पण लाटांची उंचीपण कमी होते, कारण व्होल्टेज हे चुंबकाचा प्रवाह किती भराभर बदलतो त्यावर आहे. मोठ्या स्पीडला अनेक व्होल्ट मिळतात आणि गाडी थांबत आली की मिलीव्होल्टवर येतं. ४-५ किमीच्या खाली तर सिग्नल इतका बारीक होतो की कंट्रोलर तो वायरीतल्या विजेच्या गडबडीतून (नॉइज) वेगळा काढूच शकत नाही. हे बनवणाऱ्यांना माहीत असतं, म्हणून तेवढ्या स्पीडच्या खाली एबीएस स्वतःच गप्प बसतं.

आता समजा एका चाकाची फट वाढली, १ मिलीमीटरची दोन झाली. तर त्या चाकाची लाट ४ किमीला मरायच्या ऐवजी १० लाच मरते. कंट्रोलरला काय दिसतं? तीन चाकं १० ने फिरतायत आणि चौथं अचानक शून्य. त्याच्या डोक्याप्रमाणे याचा एकच अर्थ, चाक लॉक झालं. मग तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो, परत धरतो, परत सोडतो, सेकंदाला दहा-पंधरा वेळासुद्धा, तीच तुमची कर्रर्र. आणि ब्रेक सोडला म्हणून गाडी पुढे सरकते. युनिट अगदी बरोबर काम करतंय, त्याला खबर चुकीची मिळतेय.

दिवा का लागत नाही तेपण यातच आहे. वायर तुटली, शॉर्ट झाली, किंवा चाक फिरत असताना सिग्नल बराच वेळ आलाच नाही तर तो फॉल्ट धरतो. पण अर्धा सेकंद सिग्नल गेला आणि तेवढ्यात गाडीच थांबली, तर त्याला वाटतं की निसरड्यावर एक चाक घसरलं, मी सांभाळलं, छान झालं. शाबासकी घेऊन मोकळा.

---

नुसताच_वाचक

मधेच बोलतो, माफ करा. चाक लॉक झालंय हे तो ठरवतो कसं? सगळी चाकं एकदम लॉक झाली तर चारही शून्य दिसतील, म्हणजे त्याला वाटेल गाडी उभी आहे?

---

ग्रीसचे_हात

प्रश्न चांगला आहे. तो नुसतं चाकांची आपसात तुलना करत नाही, किती भराभर कमी झालं तेपण बघतो. कोरड्या डांबरावर कितीही करकचून ब्रेक मारा, साधी गाडी सेकंदाला ३५ किमीपेक्षा फार जास्त वेग कमी करू शकत नाही, टायरची पकडच तेवढी. मग एखादं चाक ६० वरून सेकंदाच्या दहाव्या भागात २० वर आलेलं दिसलं, तर गाडी तर एवढ्यात एवढी हळू होऊच शकत नाही, म्हणजे चाक घसरतंय. चारही एकदम आली तरी हाच हिशोब. गाडीचा खरा वेग असा सरळ कुठून मिळत नाही, तो चारही चाकांवरून आणि या हिशोबावरून अंदाज बांधून चालवतो, आणि चाकाचा वेग त्या अंदाजापेक्षा किती टक्के मागे पडला ते पाहतो. १० ते ३० टक्के घसरण ही ब्रेकला चांगली, टायरची पकड तिथेच जास्त असते. त्याच्या पुढे गेलं की प्रेशर सोड.

आणि कुणी लगेच लिहायच्या आत, एबीएसमुळे गाडी दरवेळी लवकर थांबते असं नाही. खडीवर, भुसभुशीत मातीवर उलट लांब थांबते. खरा फायदा हा की ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग ऐकतं. त्यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

निवांत_ड्रायव्हर

फ्यूज काढून मोकळ्या मैदानात बघितलं. थरथर गायब! म्हणजे तिसरे महाशय बाद. आता सेन्सर मल्टिमीटरने चेक करू का? एका व्हिडिओत ओहमवर लावून बघा म्हणून सांगितलंय.

---

ओहमचा_नियम

थांबा थांबा. आधी सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. दोन्हीला दोनच वायरी असतात त्यामुळे बाहेरून ओळखू येत नाही, आणि इथेच लोक हात भाजून घेतात.

पॅसिव्ह असेल तर ओहम मोजा, बिनधास्त. साधारण ८०० ते २५०० ओहमच्या मध्ये कुठेतरी येईल, गाडीप्रमाणे आकडा वेगळा, पण डाव्या-उजव्याचा सारखा हवा. कुठलाच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. त्याहून चांगली टेस्ट म्हणजे मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, चाक जॅकवर उचलायचं आणि हाताने सेकंदाला एक फेरा या हिशोबाने फिरवायचं. चांगल्या सेन्सरला व्होल्टच्या काही दशांशांचं रीडिंग येतं आणि चाक जोरात फिरवलं की वाढतं.

ॲक्टिव्ह असेल तर ओहमवर मीटर लावूच नका. त्याच्या आत चिप असते, हॉल इफेक्टची किंवा चुंबकाने रेझिस्टन्स बदलणारी, आणि मीटरच्या आतल्या बॅटरीचा करंट त्यात सोडून काही उपयोग नाही, आकडा तर भलताच येतो आणि चिप बिघडायची भीती. याला कंट्रोलरकडून सप्लाय लागतो. कनेक्टर काढून, चावी ऑन करून गाडीकडच्या बाजूला व्होल्ट मोजले आणि बॅटरीच्या जवळपास आले तर समजा की ॲक्टिव्ह. याचा सिग्नल करंटमध्ये असतो, साधारण ७ मिलीअँपिअर आणि १४ मिलीअँपिअर असे दोनच आकडे, मधलं काही नाही. मला हा प्रकार फार आवडतो, कारण लाटेची उंची चाकाच्या वेगावर अवलंबूनच राहत नाही. चाक गोगलगायीसारखं फिरलं तरी ७-१४-७-१४ तसंच, सप्लायच्या लाईनमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकून स्कोप (सिग्नलचा ग्राफ दाखवणारं यंत्र) लावला तर ०.७ आणि १.४ व्होल्टच्या चौकोनी पायऱ्या दिसतात, अगदी पट्टीने आखल्यासारख्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे हे पसरले आणि आता नव्या गाड्यांत बहुतेक हेच. काहींना तर चाक पुढे फिरतंय की मागे हेपण कळतं, चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय त्याच्यामुळे सोपी झाली.

---

दुचाकीवेडा

बाईकवाल्यांसाठी जाता जाता. आमच्याकडे रिंग म्हणजे डिस्कच्या आतल्या बाजूला खिडक्या पाडलेली पातळ पत्र्याची चकती. टायर बदलताना कुणीतरी चाक त्याच बाजूवर आडवं टाकतं आणि चकती वाकते. मग एकाच फेऱ्यात कधी सेन्सरला घासते कधी लांब जाते. माझ्या बाईकचा दिवा पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या मिनिटाला लागला होता, आणि पंक्चरवाला शपथेवर सांगत होता की एबीएसला हात लावला नाही. खरंच नव्हता लावला म्हणा, पाय लावला असेल.

---

ग्रीसचे_हात

हे मात्र खरंय.

ॲक्टिव्हचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना दातेरी रिंगच नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी भरलेली असते, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण, ४०-५० जोड्या. डोळ्याला नुसतं काळं रबर दिसतं. चुंबक दाखवणारी हिरवट फिल्म मिळते, ती वर ठेवली की एकदम बारीक उभ्या रेघा उमटतात, सगळ्या सारख्या अंतरावर. आमच्याकडे एक पोरगा नवीन आला होता, त्याने बेअरिंग उलटं ठोकलं, चुंबकाची बाजू बाहेर आणि साधी बाजू सेन्सरकडे. गाडी मस्त चालली, आवाज नाही काही नाही, फक्त दिवा. दोन सेन्सर बदलून झाले तेव्हा कुणालातरी फिल्म लावायची बुद्धी झाली. म्हणून बेअरिंग बसवण्याआधी ती फिल्म दोन्ही बाजूंना लावून बघायची, ती नसेल तर बारीक पिन चिकटते का बघायची. आणि त्या सीलवर चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर ठेवायचा नाही, लोखंडाचा भुगा पडला तर पुसायचा.

तुमची गाडी जुनी आहे म्हणताय तर पॅसिव्ह असण्याची शक्यता जास्त. बघा आणि कळवा. शक्य असेल तर एबीएस वाचणारा स्कॅनर कुणाकडून आणा, फोनला जोडायचे साधे रीडर बहुतेक इंजिनापुरतेच असतात. चारही चाकांच्या वेगाचा ग्राफ एकावर एक लावा आणि सरळ रस्त्यावर २० वरून हळूहळू थांबा, शेजारी दुसरा माणूस बसवून, स्वतः गाडी चालवत स्क्रीन बघू नका. जी रेघ आधी पडेल ते चाक गुन्हेगार.

---

निवांत_ड्रायव्हर

ओळखीतल्या एकाकडून स्कॅनर मिळाला, बायकोला शेजारी बसवलं. तिने पहिल्याच फेरीत सांगितलं, उजवं पुढचं. तीन रेघा एकत्र उतरतात आणि चौथी मात्र २० पासूनच मधेमधे खाली टोचे मारते, ठरावीक अंतराने, ठक... ठक... ठक, आणि ८-९ ला एक टोचा पडला की पॅडल थरथरलंच. सेन्सर पॅसिव्ह निघाला. ओहम उजव्याचे ११२०, डाव्याचे ११०५. म्हणजे सेन्सर चांगला आहे ना? मग हे टोचे कसले?

---

ओहमचा_नियम

वा! ठरावीक अंतराने म्हणताय ना, तर चाकाच्या दर फेऱ्याला एक टोचा आहे का ते बघा. असेल तर रिंगला तडा गेलाय असं मी डोळे मिटून म्हणेन. फट सगळीकडे वाढली असती तर रेघ एकदम झोपली असती, अशी टोचली नसती.

तडा गेला की दोन दात्यांमधली एक खाच रुंद होते. ८ च्या स्पीडला एक दाता साधारण १८ मिलीसेकंदांनी येतो, तिथे तो २३ नी आला समजा. कंट्रोलरच्या हिशोबात चाक तेवढ्यापुरतं ८ वरून सव्वासहावर आलं, म्हणजे २२ टक्के घसरण, झालं की काम. हाच तडा ८० ला असतो पण तिथे दाता १.८ मिलीसेकंदाला येतो, कंट्रोलर समजा दर १० मिलीसेकंदांनी हिशोब करत असेल तर पाच-सहा दात्यांची सरासरी घेतो, त्यात ती एक रुंद खाच विरघळते, फरक पाचेक टक्के उरतो आणि तोही क्षणभरच. म्हणून तुमची गाडी हायवेला शहाणी आणि सिग्नलला वेडी.

---

नुसताच_वाचक

हायवेला शहाणी सिग्नलला वेडी हे बऱ्याच ड्रायव्हरांनापण लागू आहे. बरं, छोटी स्टेपनी लावली तर तिचा घेर कमी, मग ते चाक जास्त फिरणार, तेव्हा गोंधळ नाही का होत?

---

ओहमचा_नियम

फरक सतत आणि तेवढाच राहतो, तो थोडाफार चालवून घेतला जातो. उलट याचाच वापर करून काही गाड्या टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगतात, टायर बसला की त्याची त्रिज्या किंचित कमी होते आणि चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. हवेचा वेगळा सेन्सरच नाही, दाते मोजूनच. त्यामुळे हवा भरल्यावर ते रीसेट करायचं लोक विसरतात आणि मग शिव्या घालतात.

---

निवांत_ड्रायव्हर

सापडला!!! आज सकाळी चाक काढलं. रिंगवर ग्रीस आणि धुळीचा थर बसलेला, पहिल्यांदा काहीच दिसेना. ब्रशने साफ केली, टॉर्च मारत चाक हळूहळू फिरवलं, तरी दिसेना. मग एका दात्यावर खडूची खूण करून दाते मोजायला लागलो, पहिल्यांदा ४७, परत मोजले तर ४८, परत ४७. तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं की एका जागी माझं बोटच अडखळतंय. तिथे दोन दात्यांच्या मधोमध उभा तडा, एवढा की नख आत जातं. तडा गंजाने भरलेला, बाजूच्या खाचेच्याच रंगाचा, त्यामुळे नजर वरून सरकून जात होती.

रिंग उतरवली तर खाली जॉइंटवर गंजाचे पापुद्रे, नखाने निघतील असे. गंज फुगत फुगत रिंगला आतून ताण देत गेला आणि शेवटी ती फाटली. सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं. चारही बदलले असते तरी परवा तेच झालं असतं!

जॉइंट पॉलिश पेपरने साफ केला, नवी रिंग गरम करून बसवली, सेन्सर जुनाच. सेन्सर काढतानाच फक्त घाम निघाला, नकलमध्ये (चाक धरणाऱ्या लोखंडी भागात) गंजून गच्च बसलेला, ओढला असता तर तुटून अर्धा आत राहिला असता, म्हणून गंज सोडवणारा स्प्रे मारून तासभर तसाच ठेवला आणि मग गोल गोल हलवत काढला. त्याच्या बसायच्या जागेवरचा गंजपण खरवडला. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.९ मिलीमीटर आली, रिंग पूर्ण फिरवली तरी तेवढीच. संध्याकाळी वीसेक वेळा थांबून बघितलं, एकदाही कर्रर्र नाही. ग्राफमध्ये चार रेघा एकत्र, बायको म्हणाली एकच दिसतेय.

---

ग्रीसचे_हात

झकास. जागा खरवडली ते उत्तम केलंत, तिथला गंजपण फुगून सेन्सरला वर उचलतो आणि मग फट वाढते. डावी रिंगपण त्याच वयाची आहे, पुढच्या वेळी चाक निघेल तेव्हा खडू घेऊन बसा.

आणि चाक वर होतं तेव्हा बेअरिंगचा प्ले बघितलात का? वर-खाली धरून हलवायचं. बेअरिंग ढिलं असलं की रिंग डुगडुगते आणि तुमची ०.९ वळणावर ०.९ राहत नाही.

---

निवांत_ड्रायव्हर

नाही बघितला. जॅक आत्ताच पुसून डिकीत ठेवला होता हो काका. काढतो परत.